वुल्फ फिशच्या टाकीत सोबती मासे टिकत नसतील तर: काय, कोणत्या क्रमाने तपासावं

सकाळी टाकीचा दिवा लावावा आणि काल सात असलेले सिल्व्हर डॉलर मासे आज सहाच भरावेत. काचेवर काही नाही, तळाशी हाड नाही, झाकण जागच्या जागी. वुल्फ फिश, म्हणजे दबा धरून शिकार करणारा गोड्या पाण्यातला मासा, नेहमीसारखा लाकडाखाली निपचित, फक्त पोट जरा गोल. माझ्या स्वतःच्या टाकीत ही सकाळ चारदा आली आहे, आणि इतरांच्या टाक्या दुरुस्त करताना मी ती त्याहून कितीतरी जास्त वेळा पाहिली आहे. दर वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मासाच तापट निघाला."

मला हे पटत नाही. बहुतेक टाक्यांत दोष मापाचा असतो. तोंड केवढं उघडतं, सोबत्याचं अंग किती उंच आहे, तळाला जागा किती आहे, ही तीन मापं जुळली नाहीत की सोबती जातो. वुल्फ फिश वाढत असतो, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी जुळलेली मापं आज जुळतीलच असं नाही. एकदा सुटलेली अडचण पुन्हा उभी राहते ती यामुळे.

आधी लक्षणं नीट पाहा

मासा अख्खा गायब असेल तर आधी टाकीच्या मागे, स्टँडखाली आणि फिल्टरच्या तोंडाशी शोधा. घाबरलेला मासा उडी मारतो आणि दोष वुल्फ फिशवर येतो. तिथे सापडला नाही, तर तो तोंडात मावत होता एवढं नक्की.

एका रात्रीत शेपटीचा किंवा पराचा मोठा तुकडा गेला असेल तर सोबती तोंडात मावत नव्हता, पण आवाक्यात आला होता. पर सडणं वेगळं दिसतं. त्यात कड पांढुरकी होते, धागे सुटल्यासारखी दिसते आणि रोज थोडी थोडी आत सरकते.

सोबत्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना समोरासमोर खवले निघालेले असतील आणि बारीक भोकं दिसत असतील, तर त्याला आडवा पकडून सोडून दिलेलं आहे. हे लक्षण मी सगळ्यात गंभीर धरतो. गिळण्याचा प्रयत्न झालेला आहे आणि तो पुन्हा होणार.

सोबती वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरमागे दाटीने उभे राहतात, खायला खाली येत नाहीत: एक तर पाठलाग होतोय, नाहीतर पाणी बिघडलंय. सगळे धापा टाकताहेत आणि वुल्फ फिश मात्र निवांत असेल, तर जवळजवळ नेहमीच पाणी.

वुल्फ फिशच्याच ओठाला किंवा नाकाडाला जखम असेल तर तो काचेवर आपटलाय, किंवा एखादा दांडगा सोबती त्याला टोचतोय. तळाशी बसून राहणाऱ्या माशाला मोठे सिक्लिड (ऑस्करसारखे दांडगे मासे) त्रास देतात आणि मालकाचं तिकडे लक्षच नसतं.

हात घालण्यापूर्वी

हीटर आणि पंपाचे प्लग काढा, आणि वुल्फ फिश कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात पाण्यात घालू नका. त्याच्या गुहेत हात घालायचा नाही, कधीच नाही. काम तळाशी असेल तर आधी मधे जाड प्लास्टिकचा फळा सरकवा. माणसाचा हात हा त्याच्यासाठी भक्ष्य नसतो, पण अचानक जवळ आलेल्या हालचालीला तो तोंडानेच उत्तर देतो.

पाणी

इथून सुरुवात करायची, कारण चाचणीला काही मिनिटं लागतात आणि तिच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो दर लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत. पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून तिन्ही आकडे एकत्र वाचा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. होप्लियास वंशाचे मासे, म्हणजे वुल्फ फिश म्हणून विकले जाणारे बहुतेक मोठे मासे, कमी प्राणवायूच्या पाण्यात कमालीचे तग धरतात. दलदल, आटत चाललेली डबकी यांतही ते जगतात. एरिथ्रिनस आणि होप्लेरिथ्रिनस हे त्यांचे भाऊबंद तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि वाताशयातून (पोटातल्या हवेच्या पिशवीतून) ती वापरतात. त्यामुळे पाणी खराब झालं तरी वुल्फ फिश ठणठणीत दिसतो आणि सोबती आतून खचत जातात. मंदावलेला, डगमगणारा मासा रात्री तळाकडे येतो आणि उचलला जातो. आपण त्याला शिकार म्हणतो, पण खरं तर फिल्टर कमी पडलेला असतो. वुल्फ फिशची तब्येत पाहून पाण्याची पारख करू नका.

आकडे बिघडलेले असतील तर त्याच दिवशी ३० ते ४० टक्के पाणी बदला. नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवलेलं असलं पाहिजे आणि तापमान जुळलेलं असलं पाहिजे. एअर पंपाचा जोर वाढवा. फिल्टरमधला स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि आठवड्याभरात अमोनिया पुन्हा चढतो. मांसाहारी माशाची घाण भरपूर असते. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणं हा माझ्याकडे किमान नियम आहे.

हल्ला कधी होतो

याला पैसा लागत नाही, दोन-तीन रात्रींचा धीर लागतो. वुल्फ फिश दिवसा पडून असतो आणि संधिप्रकाशात, रात्री हलतो. फोन टाकीसमोर लावून दिवा मालवल्यानंतरचा पहिला तासभर चित्रित करा. मी पाहिलेल्या चाव्यांपैकी पुष्कळसे याच तासात झाले. दिवा एकदम विझतो, सोबती बिथरतात, दिशा न कळून खाली येतात. उपाय सोपा आहे: टाकीचा दिवा आधी बंद करा, खोलीचा अर्ध्या तासाने, आणि रात्रभर अगदी मंद निळसर उजेड ठेवा म्हणजे सोबत्यांना वुल्फ फिश दिसत राहील.

चावे खायच्या वेळी होत असतील तर कारण वेगळं. सोबती मासा वुल्फ फिशच्या तोंडासमोरचा तुकडा पळवायला झेपावतो आणि झटका त्याला बसतो. अशा वेळी टाकीच्या एका टोकाला सोबत्यांना आधी खायला घाला, ते तिथे गुंतले की दुसऱ्या टोकाला लांब चिमट्याने वुल्फ फिशला द्या. एवढ्या एका बदलाने दोन टाक्या माझ्या डोळ्यांदेखत शांत झाल्या आहेत.

खाणं आणि तापमान

"पोट भरलेलं ठेवा, म्हणजे शिकार करणार नाही" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. उपाशी वुल्फ फिश जास्त धोकादायक असतो हे बरोबर, पण भरल्या पोटीही तो जवळून सरकणाऱ्या वस्तूवर झेपावतो, कारण झेप हालचालीला असते. त्याला ठासून खाऊ घातलं तर यकृतावर चरबी चढते आणि पाणी खराब होतं. पिल्लांना रोज थोडं, वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं.

जिवंत मासे खायला घालत असाल तर ते आजच बंद करा. एक तर त्यांच्याबरोबर रोग येतात. दुसरं, गोल्डफिशसारख्या माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं आणि सतत तेच खाल्लं तर कमतरता होते. तिसरं कारण आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे: टाकीत पोहणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे जेवण, हा धडा आपणच त्याला देतो. गोठवून वितळवलेली कोळंबी, पांढऱ्या मांसाच्या माशाचे तुकडे, आणि हळूहळू बुडणारे पेलेट (दाणेदार खाद्य) यांवर त्याला आणता येतं. चिमट्याने तुकडा जरा हलवा, म्हणजे घेतो. काही मासे आठवडाभर तोंड फिरवतात. अंगाने धडधाकट असेल तर तेवढी उपासमार त्याला सहज सोसते.

तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवा. हीटर अडकून २९-३० वर गेला की भूकही चढते आणि पाण्यातला प्राणवायूही घटतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. हीटरच्या तबकडीवर विसंबू नका, वेगळा तापमापक लावा.

हा नेमका कोणता वुल्फ फिश आहे

"वुल्फ फिश" या एकाच नावाखाली एरिथ्रिनिडी कुळातले निरनिराळे मासे मिळतात, आणि पिल्लं असताना ते सगळे तपकिरी, लांबट, सारखेच दिसतात. वाढ मात्र फार वेगळी. लाल वुल्फ फिश, म्हणजे एरिथ्रिनस एरिथ्रिनस, सुमारे २० सेंटिमीटरवर थांबतो. होप्लियास मलाबारिकस सुमारे ५० सेंटिमीटरपर्यंत जातो. होप्लियास ऐमारा एक मीटर गाठतो आणि त्याला सोबती शोधण्याचा प्रश्न घरात सुटणारा नाही. काळा वुल्फ फिश म्हणून मिळणारा होप्लियास क्युरुपिरा शास्त्राला स्वतंत्र जात म्हणून कळला तोच २००९ मध्ये, त्यामुळे जुन्या माहितीत त्याची इतरांशी सरमिसळ सापडते.

मलाबारिकस या नावाने फसू नका. तो मलबारचा मासा नाही. मध्य अमेरिकेपासून अर्जेंटिनापर्यंतच्या नद्यांत आणि दलदलीत तो राहतो. १७९४ मध्ये ब्लॉख यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा नमुन्याच्या मूळ ठिकाणाची गफलत झाली आणि नाव चिकटलं ते कायमचं.

खालून पाहता आलं तर एक खूण कामाची आहे. मलाबारिकस गटात खालच्या जबड्याच्या दोन्ही कडा हनुवटीकडे निमुळत्या होत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जुळतात. होप्लियासच्याच लॅसर्डे गटात (क्युरुपिरा यातलाच) त्या जवळजवळ समांतर राहून यू सारखा आकार होतो. मासा पारदर्शक डब्यात किंवा पिशवीत असतानाच हे पाहून घ्या. जात कळली की पुढची दोन वर्षं कळतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

तोंडाचं माप

माझ्या मते सगळ्या पोस्टमधला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि हेच कोणी करत नाही.

होप्लियासचे दात सुळ्यांसारखे असतात, पकडून ठेवण्यासाठी. पिरान्हा लचका तोडतो, तसं हा करत नाही. हा भक्ष्य पकडतो, फिरवतो आणि अख्खं गिळतो. म्हणून सोबत्याच्या बाबतीत प्रश्न एकच उरतो: हा या तोंडात मावतो का? मावत असेल तर आज ना उद्या जाणार. जेमतेम मावत नसेल तर पकडला जाईल, जखमी होईल, सुटेल आणि जखमेने मरेल. स्पष्टपणे मावत नसेल तरच त्याला संधी आहे.

माप असं घ्या. जिथे तुम्ही खायला घालता तिथल्या काचेवर बाहेरून सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी चिकटवा. तुकडा काचेलगत धरा आणि फोनवर संथ गतीचं चित्रण करा. तोंड पूर्ण उघडतं त्या क्षणी वरचा-खालचा ओठ किती अंतरावर आहे ते पट्टीवर वाचा. बंद तोंडावरून अंदाज करू नका, तो हमखास कमी येतो. मग सोबत्याचं अंग पाठीपासून पोटापर्यंत, पर सोडून, मोजा. ते उघड्या तोंडाच्या किमान दीडपट असावं, असा नियम मी स्वतःसाठी केलाय आणि तो मोडला तेव्हा तेव्हा मासा गमावलाय. वाढत्या वयात दर तीन महिन्यांनी हे माप पुन्हा घ्यायचं.

लांबीवर जाऊ नका. वुल्फ फिशएवढाच लांब पण बारीक मासा, बिचिर असो की वाम असो, दुमडून गिळला जातो. उंच, ताटलीसारख्या अंगाचे मासे टिकतात: पूर्ण वाढलेले सिल्व्हर डॉलर, सेव्हरम, मोठा ऑस्कर. सिल्व्हर डॉलर पाच-सहा एकत्र आणा. थव्यात एकाच माशावर लक्ष खिळत नाही आणि ते मधल्या-वरच्या पाण्यात राहतात. ऑस्कर मात्र दांडगा असतो, वुल्फ फिश लहान असेल तर उलटा त्रास होतो.

तळाला राहणारे सोबती मी शक्यतो टाळतो. दबा धरणाऱ्याच्या शेजारीच झोपणारा मासा किती रात्री वाचेल? काटेरी कॅटफिशचा धोका तर दुहेरी आहे. गिळला जाताना तो छातीचे काटे ताठ करून अडकवतो आणि दोघंही मरतात. मोठा प्लेको (तोंडाने चिकटून राहणारा कॅटफिश) चालतो असं म्हणतात आणि काही टाक्यांत तो खरंच वर्षानुवर्षं राहतो, पण त्याला वुल्फ फिशच्या गुहेपासून दूर स्वतःची जागा लागते.

आणि दुसरा वुल्फ फिश? नको. मोठ्या टाकीतही नको.

गुहा कुठे आहे

वुल्फ फिशची हद्द त्याच्या बिळाच्या तोंडासमोर असते. गुहा टाकीच्या मधोमध ठेवली आणि तिचं तोंड मोकळ्या पाण्याकडे केलं, तर सगळी टाकीच त्याच्या टप्प्यात येते. गुहा एका टोकाला न्या, तोंड बाजूच्या काचेकडे फिरवा, आणि समोर एखादं उभं लाकूड ठेवा म्हणजे नजर अडेल. गुहा त्याच्या पूर्ण लांबीची हवी. अर्धवट बाहेर राहणारा मासा सतत सावध असतो आणि सावध मासा जास्त चावतो. सोबत्यांना दुसऱ्या टोकाला उंच झाडं किंवा फांद्या द्या, तळाशी नकोत.

पुन्हा ओळख करून देणं

वरचं सगळं ठीक असूनही चावे थांबले नाहीत तर मोठं काम. वुल्फ फिश बाहेर काढा. जाळीत दात अडकतात, म्हणून झाकणाच्या मोठ्या डब्यात त्याला हाकलत न्या. टाकीतली मांडणी पूर्ण बदला. सोबत्यांना आधी सोडा आणि एक दिवस स्थिरावू द्या. मग मधे भोकांचं कडक प्लास्टिक लावून वुल्फ फिश पलीकडे सोडा. कापडी जाळी तो फाडतो. आडोसा झाकणापर्यंत टेकला पाहिजे, कारण हा मासा उत्तम उडी मारतो. दोन आठवडे दोन्हीकडे वेगवेगळं खाऊ घाला. ज्या दिवशी तुम्ही दिवसभर घरी असाल त्या सकाळी, खाणं झाल्यावर, आडोसा काढा.

असा नेटका प्रयत्न दोनदा फसला तर तिसरा करू नका. काही मासे एकटेच राहतात, आणि एकटं राहणं या माशाला जाचक नाही. तो थव्याचा प्राणी नाहीच. सोबती हवे असतात ते आपल्याला.

टाकीच लहान असेल तर

हे शेवटी, कारण सगळ्यात खर्चिक. ५० सेंटिमीटरच्या माशाला सोबत्यांसह १८० × ६० × ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६४८ लिटर, यापेक्षा कमीत मला यश आलेलं नाही. लाल वुल्फ फिशला १२० × ४५ × ४५ पुरू शकते. उंची वाढवून फायदा नाही, तळ वाढवा. झाकण जड आणि कुलूपबंद हवं, हीटरला जाळीचं कवच हवं, कारण काचेचा हीटर त्याच्या एका धडकेत फुटतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वुल्फ फिशचं तोंड मिटत नाही, घशात काही अडकलंय, कल्ले जोरात हलताहेत: चिमट्याने ओढू नका. काटा आत उलटा रुतलेला असतो आणि ओढल्याने घसा फाटतो. माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. सोबत्याच्या जखमेत मांस उघडं पडलंय, कापसासारखी बुरशी आली आहे किंवा पोट सुजलंय, तरीही तेच. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने पाण्यात ओतली तर फिल्टरमधले जिवाणू मरू शकतात आणि एक आजार दोन होतात. दोनदा पाणी बदलूनही अमोनिया उतरत नसेल आणि मासे मरत असतील, तर टाक्यांची देखभाल करणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. रोज काहीतरी नवं घालून पाहू नका.

हीटर फुटला असेल, किंवा पाण्याला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर टाकीला हात लावू नका. मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत थांबा. ६४८ लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेच ६४८ किलो. काच, वाळू, स्टँड वेगळे. वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्याआधी इमारतीच्या संरचनेचा अभियंता गाठा.

तुम्हालाच चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त थांबवा आणि डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारा. पुढे काही आठवड्यांनी त्याच हातावर न दुखणारी, न भरणारी गाठ किंवा फोड आला, तर माशांच्या टाकीत हात घालता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू टाकीच्या पाण्यातून जखमेत शिरतो, आणि पाण्याचा संदर्भ न कळल्यास निदानाला फार उशीर होतो.

आणि मासा सांभाळणं खरंच झेपत नसेल तर मोठी टाकी असलेल्या जाणत्या पाळणाऱ्याकडे किंवा मत्स्यालयाकडे द्या. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. हा मासा कमी प्राणवायूत जगतो, अंड्यांची राखण करतो आणि समोर येईल ते खातो. तिथल्या माशांना त्याचा धोका असतो.